सकाळची पट्टी

१

आमच्या इसीजीच्या खोलीत पहिला पेशंट यायच्या आधी एक पट्टी निघते. ती आमची स्वतःची असते. ही पद्धत ताईची. "मशीन बिघडायचंच असेल तर आधी आपल्यावर बिघडू दे," असं ती म्हणायची आणि मला पलंगावर आडवं करायची. दुसऱ्या दिवशी ती आडवी, मी मशीनपाशी. त्या पट्टीकडे कुणी डॉक्टर बघत नसे. आम्हीच बघायचो, हसायचो, आणि कामाला लागायचो.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. इसीजीच्या खोलीत ती माझ्या आधी लागली आणि मला तिनेच ओढून आणलं. हॉस्पिटलात तिला सगळे मोठ्या बाई म्हणायचे आणि मला धाकट्या बाई. लग्न दोघींनीही केलं नाही. घर एक, कामाची खोली एक, डबा एक. भांडणं झाली तर रुसून जायला दुसरी जागाच नव्हती, त्यामुळे ती फार टिकायची नाहीत.

ताईने शिकवलं ते अजून तिच्याच आवाजात आठवतं. "घाबरतेस काय? चौकटीचा कागद आहे नुसता. आडवं जातंय तो वेळ, उभं जातंय तो जोर. आधी एक छोटी टेकडी, म्हणजे हृदयाचा वरचा मजला जागा झाला. मग हा सुळका, म्हणजे खालच्या मजल्याने ढकललं. मग ही गोल टेकडी, म्हणजे पुढच्या ठोक्याआधी सावरून बसलं. आणि मधली सरळ रेघ दिसली की दचकायचं नाही, ती उसंत आहे."

पट्टीवर एकाच हृदयाची बारा चित्रं निघतात. ताई त्यांना खिडक्या म्हणायची. घर तेच, फक्त बघायची जागा वेगळी. "वीज तुझ्या खिडकीकडे येत असली तर रेघ वर जाते. लांब जात असली तर खाली. आणि ही एव्हीआर, ही उजव्या खांद्याची खिडकी. हिला कुणी विचारत नाही बिचारीला. हिच्यातून सगळं पाठमोरंच दिसतं. हिच्यात सुळका वर दिसला तर आधी वायरी तपास, आपण डाव्या-उजव्याची गफलत केलेली असते."

ताईला जाऊन आता वर्ष होत आलं. पद्धत मी मोडली नाही. एकटीच चिमटे लावते, पायांना, डाव्या मनगटाला, शेवटी लाल वायरीचा उजव्या मनगटाला. छातीवर रबरी फुगे बसवते. आडवी होते. मशीन पलंगाच्या डाव्या अंगाला आहे, तेव्हा बटण डाव्या हाताने दाबते. उजवा हात भिंतीकडच्या बाजूला नुसता पडलेला असतो. तिकडे पलंग आणि भिंत यांच्यात जेमतेम एक स्टूल मावतं. पेशंटबरोबर आलेलं माणूस त्यावर बसतं.

२

त्या सकाळी पट्टीवर थरथर होती.

थरथरीचं आम्हाला काही विशेष नसतं. पेशंट थंडीने कुडकुडला, वायर सैल झाली, पंख्याची वायर जवळ आली, की रेघ केसाळ दिसते. मी उठून पट्टी खिडकीपाशी नेली आणि सवयीने खिडक्या मोजल्या. पहिलीत थरथर, दुसरीत थरथर, एव्हीआरमध्ये सगळ्यात जास्त. तिसरी मात्र स्वच्छ होती.

यावरून पत्ता लगेच लागतो. पहिली आणि दुसरी या दोन्ही खिडक्या उजव्या हाताच्या आधाराने बघतात. तिसरी डावा हात आणि डावा पाय यांच्यावर चालते, तिला उजव्या हाताशी देणंघेणं नाही. म्हणजे गडबड उजव्या मनगटाशी. मी चिमटा पुसला, नवीन जेल लावलं, परत आडवी झाले. तीच थरथर. लाल वायर बदलली. तीच थरथर. पेशंट बाहेर खोकायला लागले होते, म्हणून मी पहिल्या आजोबांना आत घेतलं. त्यांची पट्टी आरशासारखी लख्ख निघाली.

पुढच्या सकाळी पुन्हा तेच, आणि त्याच्या पुढच्याही. फक्त माझ्या पट्टीत, फक्त उजव्या हाताशी. मशीनवाल्याला बोलावलं. तो मशीनचं पोट उघडून बसला, चहा प्यायला, आणि म्हणाला, "बाई, मशीन ठणठणीत आहे. तुम्हीच तपासून घ्या." मी हसले. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

कारण ती थरथर मला ओळखीची होती. लहान मुलाची पट्टी काढताना आई हळूच त्याचा हात धरते, तेव्हा अशी थरथर येते. अगदी अशीच, त्याच हाताच्या खिडक्यांत. म्हणून तर आमच्या दारावर लिहिलेलं आहे की पट्टी निघताना पेशंटला कुणी हात लावू नये.

३

मी हेड सिस्टरला बोलावलं. ती आणि मी एकाच वयाच्या, एकाच कॅन्टीनचा चहा पिऊन म्हाताऱ्या होत चाललेल्या. हॉस्पिटलात सगळे तिला सिस्टर म्हणतात. माझ्या तोंडून मात्र हल्ली तो शब्द नीट निघत नाही, मी नुसतं "अगं" म्हणते.

"अगं, जरा बटण दाब. मला माझी पट्टी काढायचीये."

"छातीत दुखतंय का?" तिने लगेच माझ्या कपाळाला हात लावला.

"नाही गं. मशीन तपासतेय."

"मशीन तपासतेय म्हणे!" असं म्हणत ती आत आली. डाव्या बाजूला ट्रॉली, औषधांचा खोका आणि तिचा ऐसपैस देह एवढं मावेना, म्हणून ती उजवीकडून शिरली. स्टूल पायाने मागे सारलं, भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि माझ्या अंगावरून हात लांब करून बटण दाबलं.

पट्टी स्वच्छ होती. एक केस नाही.

"झालं समाधान?" ती म्हणाली. "तू ना, चार दिवस रजा टाक. घरी जाऊन झोप."

"घरी काय आहे झोपायला?"

माझ्या हातावरचा चिमटा तिनेच काढला. "हात किती गार पडलाय गं तुझा," म्हणाली, आणि दोन्ही हातांत धरून चोळत बसली. गार फक्त उजवा होता. डावा ठीक होता.

ती गेल्यावर मी स्टूल जागेवर सरकवलं. त्या स्टुलाच्या एका पायाचं रबर केव्हाच गेलंय, त्यामुळे त्यावर कुणी बसलं किंवा उठलं की फरशीवर टक् असा आवाज येतो. मी परत चिमटे लावून आडवी झाले आणि डोळे मिटले. बटण दाबायच्या आधी तो आवाज आला. डोळे उघडून मान वळवली तर स्टूल रिकामं होतं. पट्टीवर थरथर होती.

म्हणजे तिथे आधीच कुणी उभं असलं की थरथर येत नव्हती, आणि जागा मोकळी असली की येत होती. मी स्वतःला बजावलं की हेड सिस्टर विजेची वायर अंगाने झाकत असेल. भिंतीत वायर असू शकते. असतेच. मी त्या भिंतीवर तळहात फिरवून पाहिला, आणि आपण नक्की काय शोधतोय ते कळल्यावर हात मागे घेतला.

४

ताईची शेवटची पट्टी मीच काढली.

ती वरच्या मजल्यावर होती आणि ड्युटी माझी होती. डॉक्टरांना माणूस गेलं असं म्हणायच्या आधी कागद लागतो, सरळ रेघेचा. फोन माझ्या खोलीत आला आणि मी ट्रॉली ढकलत लिफ्टने वर गेले. हेड सिस्टर म्हणाली, "तू नको, मी करते." मी म्हटलं, ताईला माझ्याच हातचं चालतं.

चिमटे लावले. बटण दाबलं. आणि मग मला उभं राहावं लागलं. तिचा उजवा हात चादरीवर उघडा पडला होता, बोटं किंचित आत वळलेली, आणि मला तो धरता येत नव्हता. धरला असता तर माझी थरथर तिच्या रेघेत उतरली असती, डॉक्टरांनी परत काढायला सांगितली असती, आणि ते सगळं मला पुन्हा बघावं लागलं असतं. म्हणून हाताची घडी घालून उभी राहिले. कागद सरकत राहिला. चिमटे काढून हात धरला तेव्हा डॉक्टरांची सही झाली होती.

त्यानंतर मला फक्त एवढंच हवं होतं. ताई परत यावी असं मी कधी म्हटलं नाही, मी काही खुळी नाही. तो एक हात मात्र हवा होता, पट्टी चालू असतानाचा.

आणि तिची जिवंतपणीची एकही पट्टी माझ्याकडे उरलेली नाही. रोजच्या आम्ही टाकून द्यायचो. एक ठेवली होती, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली. तिच्या पट्टीत गंमत होती. छातीवरच्या पहिल्या फुग्याच्या खिडकीत तिचा सुळका एक नव्हता, दोन होते, शेजारीशेजारी, सशाच्या कानांसारखे. उजव्या बाजूची वीज जरा उशिरा पोचते, बाकी काही नाही. पुष्कळांना असतं. ताई पदर सावरत सगळ्यांना सांगायची, "माझ्या छातीत ससा आहे. धाकटीच्या छातीत नुसता खुंटा." पण आमचा कागद उष्णतेवर उमटणारा, उमटलेलं काही वर्षांत उडून जातं. येणाऱ्या-जाणाऱ्याला आम्ही बजावत असू की पट्टीची झेरॉक्स काढून ठेवा. आमची काढायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आता कपाटाच्या दारावर नुसत्या गुलाबी चौकटी आहेत.

५

थरथर हळूहळू निवळायला लागली.

आधी तिच्यात फुगवटे दिसले. मग ते फुगवटे ठरावीक अंतराने येऊ लागले. माझे ठोके आपल्या चालीने चालले होते, आणि माझ्या दोन ठोक्यांमधल्या उसंतीत दुसरं काहीतरी स्वतःच्या चालीने चाललं होतं. संथ. घाई नसलेलं. एव्हीआरच्या खिडकीत माझं सगळं नेहमीसारखं खाली जात होतं, पाठमोरं. ते मात्र वर येत होतं.

मला भीती वाटायला हवी होती. वाटतही होती, पण पायऱ्या चढताना वाटायची. खोलीचं दार लोटून चिमटे लावले की ती जायची आणि तिच्या जागी दुसरंच काही यायचं. मी सकाळी लवकर जाऊ लागले. उजव्या हातावरच्या बांगड्या काढून ठेवू लागले. आडवी झाले की तळहात वर करून ठेवायची आणि स्टुलाचा आवाज व्हायची वाट बघायची. टक् झालं की जीव भांड्यात पडायचा.

स्पर्श कळत नसे. नंतर गारठा तेवढा राहायचा. पहिल्यांदा तो बोटांत होता आणि चहाचा कप धरला की जायचा. मग तो मनगटापर्यंत आला, जेवणाच्या सुट्टीपर्यंत राहू लागला. मग कोपरापर्यंत. पेशंटची बोटं चाचपताना ते दचकून हात मागे घेऊ लागले. आणि त्याच खिडक्यांत माझे स्वतःचे सुळके बुटके होत चालले होते. ते कशामुळे होतंय याचा विचार मी केला नाही असं नाही. केला, आणि बाजूला ठेवला.

एकदा पट्टी मशीनवरच राहिली. हृदयाचे डॉक्टर दुसऱ्या कुणाची घ्यायला आले होते, त्यांनी हीच उचलली. चष्मा वर करून बघितली.

"बाई, ही कुणाची? नाव नाही हिच्यावर."

"चाचणीची आहे सर."

"बरोबर नाही आली. पेशंटला कुणीतरी धरलंय." त्यांनी एव्हीआरवर बोट ठेवलं आणि कपाळाला आठी घातली. "पण धरल्यावर इतकं स्वच्छ कधी येत नाही. हा हात कुणाचा?"

मी म्हटलं, "माहीत नाही सर."

"परत काढा," ते म्हणाले आणि मला पट्टी देऊन गेले. जाताना दारात थांबून त्यांनी एकदा पलंगाकडे पाहिलं आणि एकदा स्टुलाकडे. मग घाईने निघून गेले.

हा हात कुणाचा? मला माहीत होतं असं मला वाटत होतं. फक्त ससा दिसायचा राहिला होता.

६

तो दिसला नाही.

त्या सकाळी रेघ इतकी साफ होती की मी पट्टी मशीनमधून बाहेर येतानाच वाचली. माझ्या ठोक्यांच्या मधोमध, एव्हीआरमध्ये, पूर्ण एक हृदय होतं. छोटी टेकडी, सुळका, गोल टेकडी, उसंत. पण सगळं फार सारखं. माणसाचं हृदय श्वासाबरोबर थोडं पुढेमागे होतं, एक ठोका दुसऱ्यासारखा तंतोतंत नसतो. हे सगळे एका छापाचे होते. पाठ करून म्हटल्यासारखे. मी छातीवरच्या पहिल्या फुग्याची खिडकी बघितली. तिथे माझा खुंटा आणि त्याच्या पायाशी दुसऱ्याची अगदी पुसट सावली. तिला कान नव्हते.

मी पलंगावर पडून राहिले. चिमटा अजून हाताला होता. मला रडू आलं, आणि रडताना मी बोलले. मोठ्याने बोलले. रिकाम्या खोलीत माणसाने बोलू नये असं ताईच सांगायची.

"तू ताई नाहीस," मी म्हटलं. "ताईच्या सुळक्याला दोन कान होते. सशासारखे."

पलीकडे काहीच झालं नाही. कुणी उठलं असतं तर स्टुलाचा पाय वाजला असता. तो वाजला नाही. बाहेर पेशंटांची कुजबुज सुरू झाली, कुणीतरी दार ठोठावलं, आणि मी डाव्या हाताने डोळे पुसून उठले. दिवसभर पट्ट्या काढल्या. उजवा हात खांद्यापर्यंत गार होता.

घरी गेल्यावर ठरवलं की बस झालं. उद्यापासून सकाळची पट्टी नाही. मशीन बिघडायचं तर बिघडू दे लोकांवर. हेड सिस्टरला फोन करून रजेचंही बोलले. तिला इतका आनंद झाला की तिने मला तिच्या घरी राहायला बोलावलं. आमच्या दोन खोल्यांच्या घरात ताईचा पलंग अजून तसाच आहे, त्यावर मी कपड्यांच्या घड्या ठेवते. त्या रात्री घड्या खाली ठेवून तिथेच झोपले.

७

सकाळी खोलीत गेले ती किल्ली द्यायला. असं मी स्वतःला सांगितलं.

पडदा बाजूला केला. ऊन भिंतीवर आलेलं होतं. स्टूल भिंतीपासून पुढे ओढलेलं होतं, पलंगाला टेकेल इतकं, उशीच्या बाजूला. झाडूवाल्याने सरकवलं असेल. तो रोजच सरकवतो.

मी चिमटे लावले. एकदाच, म्हटलं. आडवी झाले, बटण दाबलं.

पट्टी हातात घेतली आणि एव्हीआरमध्ये कान होते.

दोन. शेजारीशेजारी, सरळ उभे, नीटनेटके. पहिलीत आणि दुसरीत तेच, उलटे होऊन खाली लोंबणारे. मी सांगितलं होतं तसे, अगदी सशासारखे. कुणीतरी रात्रभर बसून मन लावून केलेले.

आणि ते सगळे चुकीच्या जागी होते. ताईचे कान उजव्या हाताच्या खिडक्यांत कधीच नव्हते. तिथून ते दिसतच नाहीत. ते छातीवर असतात, पहिल्या फुग्याखाली, छातीच्या हाडाच्या उजव्या कडेला. आमच्या कामातल्या कुणाच्याही हातून ही चूक होणार नाही, आणि ताईच्या हातून तर नाहीच नाही, तिनेच मला ते शिकवलं. ज्याला हातापलीकडे पोचता येत नाही आणि कान कुठे असतात हे ठाऊक नाही, त्याच्याच हातून ती होईल.

म्हणजे ती ताई नव्हती. आता शंका घ्यायलाही जागा नव्हती. मला उठायचं होतं. चिमटा काढायला डावा हात उचललासुद्धा.

पण त्याने ते केलं होतं, माझ्यासाठी. मी रडले म्हणून. ताई गेल्यापासून मला आवडावं म्हणून कुणी काही केलं नव्हतं. माझा उजवा हात तळवा वर करून पडला होता, आणि मला पहिल्यांदाच त्यात वजन जाणवलं. फार नाही. झोपलेल्या माणसाच्या हाताएवढं. मी त्या बाजूला मान वळवली नाही. डोळ्याच्या कडेला उन्हाची भिंत दिसत होती, आणि स्टुलावर जिथे भिंत दिसायला हवी होती तिथे ती दिसत नव्हती.

माझे सुळके मी पाहिले. उजव्या हाताच्या खिडक्यांत ते जवळजवळ संपले होते. छातीवरच्या खिडक्यांत अजून शाबूत होते, उंच, माझे खुंटे. हात गेला होता. छाती राहिली होती.

"हेड सिस्टर नऊला येते," मी हळूच म्हटलं. कुणाला सांगितलं कोण जाणे. भिंतीवरच्या घड्याळात अजून वेळ होता.

मग मी डाव्या हाताने छातीवरचा पहिला फुगा दाबून काढला. फुग्याचा उमटलेला गोल वळ लाल दिसत होता. त्यावर बोट ठेवलं, ताई माझं बोट धरून ठेवायची तसं, बरगडी मोजून, हाडाच्या कडेला, अचूक.

"तिथे नाही," मी म्हटलं. "कान इथे असतात. इथे."

हातातलं वजन उचललं गेलं. स्टुलाचा पाय वाजला.